डेल्फानं ताट का फेकलं

डेल्फा मलिन्सनं जेवणाचं ताट दुसऱ्यांदा भिंतीवर फेकलं तेव्हा हॉर्नबीम गॅपच्या बायकांच्या तुरुंगात हसावं की काळजी करावी हे कुणाला कळेना. पहिल्या वेळी सगळ्या म्हणाल्या होत्या, घरून काही वाईट कळलं असेल, होतं असं. पण पुन्हा? डेल्फा म्हणजे गरीब गाय. रांगेत कुणी पुढं घुसलं तर 'जा बाई' म्हणून स्वतः मागं सरकणारी. आल्यापासून तिच्या नावावर एक शेरा नव्हता. आणि अशी बाई पांढऱ्या घेवड्याच्या उसळीचं भरलेलं ताट उचलते काय, भिंतीवर भिरकावते काय. दाणे भिंतीवरून ओघळले, मक्याचा पाव टेबलाखाली घरंगळत गेला, आणि डेल्फा दोन्ही हात पाठीमागं नेऊन, बेड्या कधी पडतात याची वाट बघत शांत उभी राहिली.

त्या दिवशी जेवणघरात ड्यूटी होती इमोजीन कॉडिलची. निवृत्तीला आलेली, उंच, हाडकुळी, कडक बाई. तिच्या तोंडावर बायका 'बाई' म्हणत, पाठीमागं 'सुकी काठी'.

"मलिन्स, मी आता काय लिहिणार ते तुला ठाऊक आहे ना?" तिनं विचारलं.

"हो बाई."

"तुझी शिक्षेतली सूट कापली जाईल. घरी जायची तारीख पुढं जाईल."

"हो बाई."

कॉडिलबाईनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बेड्या घातल्या आणि तिला मागच्या बराकीत नेलं. तिथं एकेकटीला कोंडून ठेवायच्या कोठड्या होत्या. बायका त्या जागेला बीळ म्हणत. पलंग म्हणजे भिंतीतून निघालेला लोखंडी पत्रा, खिडकी म्हणजे हातभर लांब आणि वीतभर रुंद काच, आणि दाराला ताट आत सरकवण्यापुरती झडप. बिळात गेलेली बाई पहिल्या दिवशी रडते, दुसऱ्या दिवशी ओरडते आणि मग गप्प होते, असं म्हणायची पद्धत होती. डेल्फा आत गेली, दार लागलं, कुलूप पडल्याचा आवाज आला, आणि ती त्या पत्र्यावर आडवी होऊन मेल्यासारखी झोपली. बाहेर बराकीत कित्येक आठवड्यांत तिला अशी झोप लागली नव्हती.

डेल्फा मूळची याच डोंगरातली. खाणी बंद पडल्या तेव्हा नवरा काम शोधत गेला तो गेलाच. डेल्फा म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात आजाऱ्यांना उचलायचं-बसवायचं काम करायची. तिथं पाठ धरली. पाठीसाठी डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गोळ्यांची सवय लागली, आणि सवयीपायी तिनं गोळ्या विकल्या. त्या डोंगरात ही कथा घराघरात आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मागं राहिली लेक ब्रेलिन, ती डेल्फाच्या ओपल मावशीकडं. मावशीचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, तरी शनिवारी जुनी गाडी हाकत ती पोरीला भेटायला आणायची. येत्या वर्षी शाळा उघडायच्या आत डेल्फा सुटणार असं ठरत आलं होतं. ब्रेलिननं आईसाठी मावशीच्या घरात पलंगाची डावी बाजू राखून ठेवली होती.

आणि मग डेल्फाला धुलाईघरात काम मिळालं.

धुलाईघराचा मुख्य होता सार्जंट गॅरेट व्हॅनोव्हर. मऊ बोलणारा, कधी आवाज न चढवणारा. चर्चमध्ये पुढं बसणारा, गावातल्या पोरांना बेसबॉल शिकवणारा. नव्या बायकांना तो बरा वाटायचा, कारण बाकीचे अधिकारी आडनावानं खेकसायचे आणि हा 'डेल्फा' म्हणायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं सहज सांगितलं, "ब्रेलिन तुझीच ना? माझ्या बायकोच्या वर्गात आहे. फार गुणी पोर. चित्रं काय सुंदर काढते." डेल्फाचा ऊर भरून आला. तिनं चार वेळा त्याचे आभार मानले. पुढं कधी तो चित्राबद्दल सांगायचा, कधी पोरीचा दात पडल्याचं सांगायचा, आणि डेल्फा दिवसभर तेवढ्यावर जगायची.

धुलाईघराच्या मागं साबणाच्या पिंपांची खोली होती. तिचं दार सलग लोखंडी, आणि किल्ली फक्त त्याच्याकडं. एका दुपारी त्यानं बाकीच्या बायकांना बाहेर वाळत घातलेल्या चादरी आणायला पाठवलं आणि डेल्फाला पिंपं मोजायला आत बोलावलं. पुढं जे झालं ते डेल्फाला नंतर वेगवेगळ्या लोकांपुढं सांगावं लागलं, आणि प्रत्येक वेळी तिनं ते त्या निळ्या पिंपांकडं बघत असल्यासारखंच सांगितलं, कारण तेव्हाही तिनं दुसरीकडं कुठं बघितलं नव्हतं. बाहेर येताना तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "ब्रेलिनला या वर्षी जरा सांभाळून घ्यायला सांगतो बायकोला. आई नसली की पोरं मागं पडतात." यात धमकी कुठं होती, हे कुणाला दाखवून देता आलं नसतं. डेल्फाला मात्र ती बरोबर कळली. त्यानंतर पिंपं वारंवार मोजली जाऊ लागली.

सांगायची सोय नव्हती असं नाही. फोनशेजारच्या भिंतीवर मोठा कागद होता. कैदी बाई 'हो' म्हणाली तरी ते 'हो' धरलं जात नाही, ज्याच्या कमरेला किल्ल्या त्याच्यापुढच्या होकाराला किंमत नाही, असं त्यावर सरळ लिहिलेलं होतं. खाली तक्रारीचा नंबर होता. पण फोन होता अधिकाऱ्याच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर. आणि मागं एकीनं तो नंबर लावला तेव्हा काय झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'तुझ्याच सुरक्षेसाठी' म्हणून तिला बिळात टाकलं. बाहेर आली ती भिंतीशी बोलत आली. तक्रारीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

डेल्फानं विचार केला तो इथून. सांगितलं तरी बीळ, आणि बिळात व्हॅनोव्हरची ड्यूटी नाही. मग न सांगताच बिळात का जाऊ नये? एक ताट फेकलं की दहा-पंधरा दिवस सुटका. त्यापायी घरी जायचे दिवस जात होते हे तिला कळत होतं. प्रत्येक ताटाबरोबर ब्रेलिनच्या पलंगाची डावी बाजू आणखी लांब जात होती. पण दुसरं काही द्यायला तिच्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या खेपेनंतर ती बराकीत परतली तेव्हा तिच्या कोठडीतली जुनेटा विणत बसली होती. जुनेटा शहरातली काळी बाई, जन्मठेपेची, केस पांढरे झालेली. बराकीतलं कुणाचंही दुखणं ती थट्टेवर न्यायची.

"काय गं, उसळ एवढी वाईट होती?" जुनेटा म्हणाली. "मीपण तीच खाते इतकी वर्षं. पण मी भिंतीला नाही भरवत."

डेल्फा हसली नाही. जुनेटानं सुया खाली ठेवल्या, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा उचलल्या. ती पण धुलाईघरातच चादरींच्या घड्या घालायची. तिनं काही विचारलं नाही.

डेल्फानं काम बदलून मागितलं, ते मिळालं नाही. पाठ दुखते म्हणाली, तर डॉक्टरनं तिचा गोळ्यांचा इतिहास वाचून तिच्याकडं असं पाहिलं की ती उठून आली. चार दिवसांनी पुन्हा पिंपं मोजायची पाळी आली, आणि त्या संध्याकाळी तिसरं ताट भिंतीवर गेलं. या वेळी नेताना कॉडिलबाईनं तिला मधल्या बोळात थांबवलं. म्हणाली, माझी सगळी नोकरी इथंच झाली. बिळात जायला नको म्हणून पाया पडणाऱ्या बायका पाहिल्या, चावणाऱ्या पाहिल्या. तिथं जायला धडपडणारी तू पहिली. कुणापासून पळतेस? डेल्फानं मान खाली घातली. बोळाच्या टोकाला दोन अधिकारी उभे होते. कॉडिलबाईनं तेही पाहिलं आणि तिला पुढं नेलं.

बिळात चार-पाच दिवस बरे गेले. मग एका दुपारी दाराची झडप उघडली आणि तो मऊ आवाज आत आला.

"डेल्फा, माणसं कमी पडतात गं इकडं. मी जादा काम घेतलंय. आता महिनाभर दुपारचा इथंच."

ती पत्र्यावर बसली होती तशीच बसून राहिली.

"इथं तर पिंपांचीही कटकट नाही," तो म्हणाला.

बिळातलं दार उघडायचं तर दोन अधिकारी लागतात, असा नियम होता. पण माणसं कमी होती, आणि दुसरा कोपऱ्यावर सिगारेट ओढत असायचा. त्या दिवशी व्हॅनोव्हरनं दार उघडलं नाही. त्यानं नुसती किल्ली कुलपात घातली, एकदा फिरवली, परत उलटी फिरवली, आणि शीळ घालत निघून गेला.

डेल्फाला वाटलं होतं की भीती म्हणजे काय ते आपल्याला कळून चुकलंय. तसं नव्हतं. आजवर तिला पळायला एक जागा होती, आता तीही गेली. घरचे दिवस देऊन घेतलेली जागा, तिचीही किल्ली त्याच्याकडं. त्या संध्याकाळचं ताट तिनं घेतलं नाही. फेकलंही नाही. कशासाठी फेकायचं? आपण नसलोच तर, असा विचार तिच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि आला तो वेडावाकडा नव्हे, अगदी समजूतदार माणसासारखा शेजारी येऊन बसला. आपण नसलो तर त्याला ब्रेलिनशी काही घेणं राहणार नाही. पोरीला निदान वर्गात कुणी त्रास देणार नाही. रात्र तिनं दाराकडं तोंड करून काढली.

सकाळचं ताट घेऊन आली कॉडिलबाई. आदल्या दिवशीचं ताट झडपेवर तसंच होतं.

"मलिन्स. खाल्लं नाहीस."

तिनं झडपेवर बोटानं टकटक केली.

"मलिन्स, दाराशी ये. मला तुझं तोंड दिसू दे."

डेल्फा उठली, दाराशी आली आणि झडपेपुढं गुडघ्यांवर बसली. कॉडिलबाईला तिचे डोळे दिसले.

"तो इथंसुद्धा आला," डेल्फा म्हणाली.

एवढंच. पण एवढ्यानंच कॉडिलबाईला बोळातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, भिंतीला हात टेकला आणि कटकट वाजणारे गुडघे मोडत त्या फरशीवर बसली. आता दोघींची तोंडं झडपेच्या दोन बाजूंना होती.

"नीट ऐक," ती म्हणाली. "तू नाव घेतलंस की ते माझ्याजवळ राहणार नाही. मला ते वरच्यांना कळवावंच लागतं, तू मागाहून नको म्हणालीस तरी. आणि मग तुला त्रास होईल. होणार नाही असं खोटं मी सांगणार नाही. आता बोल, नाही तर बोलू नकोस."

"तुम्ही खरं मानाल?"

"ते मला माहीत नाही. आधी नाव तर घे."

डेल्फानं नाव घेतलं.

व्हॅनोव्हरची आई कॉडिलबाईच्या शेजारच्या घरात राहायची. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत लहानग्या गॅरेटला तिनंच प्रार्थना शिकवल्या होत्या. त्याच्या लग्नात केक तिनं केला होता. शेवटी ती "गॅरेट" एवढंच म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली.

ती सरळ अधीक्षकाकडं गेली. अधीक्षक आणि व्हॅनोव्हर एका बोटीत मासे धरायला जाणारे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बघू, आधी मी गॅरेटशी बोलतो. कॉडिलबाई म्हणाली, जरूर बोला. आणि त्याच्याच टेबलावरचा फोन उचलून, त्याच्याच देखत तिनं राजधानीतल्या तपास कार्यालयाला कळवलं. मग ती मागच्या बराकीत परत आली आणि डेल्फाच्या दारापुढं खुर्ची टाकून बसली. तिची ड्यूटी संपली तरी उठली नाही. दुपारी व्हॅनोव्हर आला. पुढचं बोलणं डेल्फानं दाराआडून शब्दन् शब्द ऐकलं.

"इमोजीनकाकू, तुमची ड्यूटी संपली."

"संपली."

"मग?"

"मग बसलेय."

तो हसला. तिच्या तब्येतीची चौकशी केली. आईनं तुमच्यासाठी सफरचंदाचा मुरंबा ठेवलाय म्हणाला. कॉडिलबाईनं खुर्ची आणखी दाराजवळ ओढली. थोड्या वेळानं अधीक्षकाचा निरोप आला आणि व्हॅनोव्हरला फाटकाबाहेर काढलं. पगार चालू ठेवून सक्तीच्या रजेवर. कॉडिलबाई त्यानंतरच उठली.

डेल्फाला वाटलं, आता सुटलो. तिथंच ती चुकली.

आधी शहरातलं इस्पितळ झालं. तपासायच्या पलंगाला तिचा एक पाय साखळीनं बांधलेला. अशा बायकांच्या मदतीला येणारी एक कार्यकर्ती तिथं होती, ती साखळीवरून अधिकाऱ्याशी भांडली आणि हरली. मग तिनं डेल्फाचा हात धरला, आणि डेल्फाला तो हात कुठं ठेवावा हेच कळेना. इतक्या दिवसांत कुणी विचारून हात धरला नव्हता. मग राजधानीहून तपास अधिकारी आली, लोर्ना हॉलनबेक नावाची. ती वाईट नव्हती, पण तिला तारखा हव्या होत्या. डेल्फाला तारखा येईनात. तिला आठवत होतं ते असं, की हिवाळ्याची कांबळी आली त्या आठवड्यात, मोठं यंत्र बिघडलं त्या दिवशी. हॉलनबेकनं तेही उतरवून घेतलं आणि विचारलं, "सांगायचं सोडून ताटं का फेकलीस?"

"ताट फेकलं की बिळात टाकतात," डेल्फा म्हणाली. "सांगितलं तरी बिळातच टाकतात. ताट फेकायला बोलावं लागत नाही."

हॉलनबेकचं लिहिणं थांबलं. पण त्या संध्याकाळी डेल्फाला परत बिळातच नेलं. सुरक्षेसाठी. तपास संपेपर्यंत.

तपास लांबत गेला. धुलाईघर बंद झालं आणि बायकांना ओल्या, कुबट चादरींवर झोपावं लागलं. अंगझडत्या वाढल्या, शनिवारच्या भेटी कमी झाल्या. बोळातून जाणाऱ्या बायका डेल्फाच्या दारावर लाथ मारून जायच्या. एकीनं झडपेला तोंड लावून सांगितलं, "महाराणी, तुझ्या लफड्यापायी माझं पोर दोन शनिवार आलं नाही." डेल्फाला तिचा राग आला नाही. आपलंही पोर आलं नव्हतं.

शेवटी ओपल मावशी एकटीच आली. मध्ये जाड काच, दोन्हीकडं फोन. मावशी थकलेली दिसली. गावात व्हॅनोव्हरच्या घरी लोक रोज जेवणाचे डबे पोचवत होते. चर्चमध्ये मावशीच्या बाकावर आता कुणी बसत नव्हतं. आणि डेल्फानं लवकर सुटायसाठी हे कुभांड रचलं, असं दुकानातसुद्धा तिला ऐकवलं होतं.

"मावशी, तुला काय वाटतं?"

मावशीनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "मला वाटतं तू घरी यावंस," ती म्हणाली. "थोडं सोसलं असतंस तर आली असतीस गं. आम्ही सगळ्यांनी काय काय सोसलं."

डेल्फानं फोन जागेवर ठेवला. मावशी काचेपलीकडं बोलत राहिली, मग रडली. त्या दिवसानंतर डेल्फाला पुन्हा जेवण जाईना.

हॉलनबेकलाही पुढं वाट दिसत नव्हती. डेल्फाचा शब्द आणि व्हॅनोव्हरचा शब्द. तिनं धुलाईघरातल्या सगळ्या बायकांना एकेक करून विचारलं आणि प्रत्येकीनं काही पाहिलं नाही असं सांगितलं. जुनेटानंही तेच सांगितलं. तिची पॅरोलची, म्हणजे शिक्षेतून आधी सुटण्याची, सुनावणी तोंडावर होती. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा घरी जायची आशा दिसत होती, शहरात तिची बहीण खोली रंगवून बसली होती. पण कोठडीत समोरचा पलंग रिकामा होता, आणि रिकाम्या पलंगाकडं बघून विणता येत नाही असं ती पुढं म्हणाली. तिनं हॉलनबेकला निरोप धाडला की मी खोटं बोलले. चादरी वाळल्या नसल्या तरी तो आणायला पाठवायचा. परत आलं की खोलीचं दार आतून बंद असायचं. डेल्फाच्या आधी दुसरी एक होती, तीही अडखळत बाहेर यायची; ती सुटून घरी गेलीय, तिचं नाव मी सांगते. हॉलनबेकनं त्या बाईला शोधून काढलं. ती एका धाब्यावर वाढपी होती. ऐकताच ती तिथंच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, मला वाटलं होतं मी एकटीच.

मग मात्र चक्रं हलली. व्हॅनोव्हरवर खटला भरला गेला. पिंपांच्या खोलीच्या दाराला काच बसली, आत कॅमेरा आला, एकट्या अधिकाऱ्यानं एकट्या बाईला कुठल्याही बंद खोलीत न्यायचं नाही असा हुकूम निघाला, आणि तक्रारीचा फोन टेबलापासून दूर नेला. बायका म्हणाल्या, घोडे पळाल्यावर तबेल्याला कुलूप. तरी त्या फोनवर पहिल्याच महिन्यात दोघींनी नंबर लावला.

कोर्टात व्हॅनोव्हर राखाडी सूट घालून आला. त्याच्या बाजूचे बाक चर्चच्या लोकांनी भरले होते, पुढं त्याची आई. डेल्फाला आणलं ते हातापायांत साखळ्या घालून. ती चालली की आवाज व्हायचा, आणि सगळे वळून तिच्याकडं बघायचे. अनोळखी माणसाला विचारलं असतं की या दोघांत गुन्हेगार कोण, तर त्यानं तिच्याकडं बोट केलं असतं. तिच्या बाजूच्या बाकावर एकटी कॉडिलबाई होती, रविवारचा निळा झगा घालून. व्हॅनोव्हरची आई तिच्यासमोरून गेली आणि बोलली नाही. कॉडिलबाईला धमक्या आल्या होत्या, गाडीची काच फुटली होती, तिला फाटकाच्या चौकीवर एकटीला बसवलं होतं, आणि तिनं मुदतीआधीच नोकरी सोडली होती. हे तिनं डेल्फाला कधी सांगितलं नाही. डेल्फाला ते दुसऱ्यांकडून कळलं.

वकिलांची आपसांत तडजोड झाली. मोठा गुन्हा मागं घेतला गेला, लहान गुन्हा त्यानं कबूल केला. काही महिने जिल्ह्याची कोठडी, नाव कायमचं असल्या गुन्हेगारांच्या सरकारी यादीत, आणि पुन्हा कधी वर्दी नाही. न्यायाधीशानं डेल्फाला काही सांगायचंय का विचारलं. तिनं तयार केलेलं सगळं विसरलं. ती म्हणाली, "मला घरी जायचे दिवस होते. ते मी याच्यापासून लांब राहायला दिले." न्यायाधीशानं मान हलवली. ते दिवस परत द्यायचा अधिकार त्याच्याकडं नव्हता.

तो अधिकार होता तुरुंगाकडं. तुरुंग म्हणाला, ताटं तर फेकलीच ना. कॉडिलबाईनं नोकरी सोडल्यावरही अर्जामागून अर्ज केले, तेव्हा कुठं निम्मे दिवस परत मिळाले. जुनेटाला पॅरोल मिळाला नाही. पॅरोल मंडळानं कारण दिलं नाही, द्यावंही लागत नाही. आणि डेल्फाला, पुन्हा एकदा तिच्याच सुरक्षेसाठी, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या तुरुंगात हलवलं. तिथं डोंगर नव्हते. मावशीची गाडी तिथवर येण्यासारखी नव्हती.

तरी वसंतात मावशी ब्रेलिनला घेऊन आली. कॉडिलबाईनं आपल्या गाडीतून दोघींना आणलं आणि स्वतः बाहेर वाहनतळावर थांबली. काचेविना भेट होती. ब्रेलिन उंच झाली होती. ती आईच्या मिठीत आली, पण अंग चोरून. मावशी म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ते..." डेल्फानं तिच्यापुढं यंत्रातल्या कॉफीचा कागदी पेला सरकवला. मावशीनं तो दोन्ही हातांनी धरला.

तिघी पत्ते खेळत बसल्या. बराच वेळ ब्रेलिननं पत्त्यांतून मान वर काढली नाही. मग हळूच म्हणाली, "मिसेस व्हॅनोव्हर शाळा सोडून गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला त्यांचे रंग दिले. सगळे. पोरं म्हणतात, त्या माझ्यामुळं गेल्या." तिनं हातातले पत्ते उगाच मागं-पुढं केले. "माझ्यामुळं गेल्या का गं?"

डेल्फानं आपले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. ती बाई तिच्या पोरीशी चांगली वागली होती. शेवटपर्यंत. ज्या गोष्टीच्या भीतीपायी आपण ते सगळं सोसलं, ती त्या बाईच्या मनातही नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्यामुळं नाही." आणि मग, आजवर कुणापुढंही जे बोलली नव्हती ते तिच्या तोंडून सावकाश बाहेर आलं. "माझ्यामुळंही नाही."

ब्रेलिननं आईकडं पाहिलं. तिला पटलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळेना. तिनं मावशीकडं पाहिलं, मग पुन्हा पत्त्यांकडं.

"तुझी पाळी आहे," ती म्हणाली.